काडतूस मोजायचं राहिलं

काडतुसं भरायची पहिली प्रेस मी विकत घेतली तेव्हा एकच आकडा बघितला होता: तासाला किती काडतुसं निघतात. दुकानातल्या पाटीवर चारशे लिहिलं होतं. शेजारीच एक बिडाची, काळपट, एका वेळी एकच काम करणारी प्रेस मांडलेली होती. तिच्याकडे मी वळूनही बघितलं नाही. पुढच्या तीन-चार वर्षांत ज्या चुका केल्या, त्यांतल्या निम्म्या तिथूनच सुरू झाल्या. त्यांतल्या दोन डोळ्यांवर बेतल्या असत्या. म्हणून घडलं तसं लिहून ठेवतो आहे.

मी मूळचा कोल्हापूरचा. उद्यमनगरात आण्णांचं लेथचं छोटं वर्कशॉप होतं, त्यामुळे पितळेचा चुरा आणि कटिंग ऑइलचा वास लहानपणापासून ओळखीचा. नोकरीसाठी कोलोरॅडोत फोर्ट कॉलिन्सला आलो आणि इथलाच झालो. या गावाजवळून वाहणाऱ्या नदीचं नाव काश ला पूद्र. हिमवादळात अडकलेल्या फ्रेंच शिकाऱ्यांनी ओझं हलकं करायला बंदुकीची दारू हिच्या काठी पुरून ठेवली होती, म्हणून ‘दारू लपव’ अशा अर्थाचं हे नाव पडलं, असं सांगतात. इथे शरद ऋतू आला की अर्धं ऑफिस एल्कच्या शिकारीची रजा टाकतं. ग्रीन कार्ड हाती आल्यावर मीही रायफल घेतली, आणि वर्षभरात रिकाम्या पुंगळ्या पुन्हा भरायला शिकलो. आपल्याकडे परवान्याशिवाय काडतूस बनवणं हा गुन्हा आहे. इथे स्वतःच्या वापरासाठी भरलेलं चालतं, आणि गॅरेजमध्ये प्रेस असलेली घरं गल्लोगल्ली सापडतात.

माझी रायफल ४५-७० ची. हे काडतूस अमेरिकन सैन्याने १८७३ साली स्वीकारलं: पंचेचाळीस कॅलिबर, सत्तर ग्रेन काळी दारू, आणि पुढे ४०५ ग्रेनची शिशाची गोळी. ग्रेन हे माप माझ्या डोक्यात कधी बसत नव्हतं. मग आठवलं, इंग्रजांनी तोळा ठरवला तो १८० ग्रेनचा. म्हणजे ४०५ ग्रेन बरोबर सव्वादोन तोळे. माझा मामा हुपरीचा, चांदीचं काम करणारा. सव्वादोन तोळ्यांची पैंजणं तळहातावर ठेवली की किती भार लागतो ते मला माहीत होतं. तेवढं शिसं एका वेळी नळीतून सुटतं, आणि तितकाच जोर खांद्यावर उलटा येतो.

आणि नेमकं हेच मी प्रेस घेताना विसरलो.

ती चारशेवाली प्रेस पिस्तुलाची काडतुसं भरणाऱ्यांसाठी उत्तम आहे. दांडा एकदा ओढला की तबकडी फिरते, चार-पाच पुंगळ्यांवर एकाच वेळी वेगवेगळी कामं होतात: कुठे जुना प्रायमर, म्हणजे बुडातली ठिणगीची टोपी, निघतो, कुठे दारू पडते, कुठे गोळी बसते. माझा एक मित्र त्यावर ३८ स्पेशल भरायचा. त्याच्या गॅरेजमध्ये उभं राहून मी ते बघितलं आणि हरखलो. ४५-७० साठी तबकडी मिळते का, एवढं विचारलं. मिळत होती. घेतली. आमच्या शूटिंग क्लबात ऐंशीच्या घरातले एक गृहस्थ आहेत, सगळं आयुष्य टूलरूममध्ये काढलेले. त्यांना मी मोठ्या उत्साहाने प्रेसबद्दल सांगितलं. ते एवढंच म्हणाले, “तुझा खांदा एका दुपारी किती गोळ्या सोसतो?” मी म्हटलं, वीस. फार तर तीस. त्यांनी मान हलवली आणि पुढे काही बोलले नाहीत. तासाला चारशे काडतुसं निघणारं यंत्र आणि दुपारी वीस गोळ्या झाडणारा माणूस यांचा मेळ कसा बसायचा, हा हिशेब मी त्या दिवशीही केला नाही.

पहिला फटका डायने, म्हणजे झाडलेली पुंगळी दाबून पुन्हा मापात आणणाऱ्या साच्याने, दिला. मित्राच्या ३८ स्पेशलच्या डाय कार्बाइडच्या होत्या. कार्बाइड इतकं कठीण आणि गुळगुळीत असतं की पुंगळीला वंगण न लावताही ती आत सरकते आणि सुटते. मी ते बघून शिकलो, आणि शिकलेलं तसंच्या तसं मोठ्या काडतुसावर वापरलं. पण कार्बाइडच्या डायमध्ये खरं काम एक अरुंद कडी करते, आणि पुंगळी सरळ असेल तरच ती पुरते. ४५-७० ची पुंगळी लांबून सरळ वाटते. मोजली तर बुडाशी सुमारे ०.५०५ इंच आणि तोंडाशी ०.४८० इंच, म्हणजे सबंध लांबीभर निमुळती. तिची डाय पोलादाची असते, आणि आतली भिंत पुंगळीला वरपासून खालपर्यंत एकदम घट्ट धरते. खोक्यावर तसं स्पष्ट छापलेलं होतं. मी वाचलं नव्हतं.

दांडा तीन चतुर्थांश खाली गेला आणि थांबला. मी वर ओढला, येईना. शहाण्या माणसाने तिथेच हात काढून घेतला असता. मी दोन्ही हातांनी, पाय टेबलाला लावून ओढला. करकर असा आवाज झाला, दांडा मोकळा वर आला, आणि तबकडीच्या खाचेत पुंगळीच्या कडेचा अर्धचंद्र राहिला. बाकीची पुंगळी डायमध्ये रुतलेली, आणि धरायला कडच उरली नव्हती.

कोल्हापुरात तेव्हा सकाळ होती. आण्णांना व्हिडिओ कॉल लावला. त्यांनी आयुष्यात कधी काडतूस भरलेलं नाही, रायफल हातात धरलेली नाही. मी डाय उलटी करून कॅमेऱ्यासमोर धरली. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, स्क्रीन डोळ्यांजवळ नेली.

“वंगण लावलं हुतंस न्हवं?”

“नाही आण्णा. कार्बाइडच्या डायला लागत नाही.”

“ही कार्बाइडची हाय?”

मी तेव्हा पहिल्यांदा खोकं उलटून वाचलं. फोनवर काही बोललो नाही. त्यांना कळलं.

“बरं,” ते म्हणाले. “आता हातोडी उचलायची न्हाई. ढकलायचं न्हाई, ठोकायचं न्हाई. बुडाला मधोमध भोक पाड. टॅप मारून आटे काढ. वर एक बुश ठिव, बुशावर वायसर, आन त्यातनं स्क्रू घालून सावकाश आवळत जा. डाय बुशावर टेकंल आन स्क्रूच पितळ वढून घील.”

आतली पिनेची दांडी वर काढून घेतली. जळका प्रायमर आधीच पडून गेला होता, त्यामुळे त्याच्या जागेतून सरळ ड्रिल घालता आलं. पाव इंची टॅप, इंचाला वीस आटे. बुश म्हणून सॉकेट पान्याचा एक जुना सॉकेट वापरला. पाना फिरवायला लागल्यावर आधी काहीच होत नव्हतं. आण्णा फोनवर गप्प बसून बघत होते. मग एकदम ‘टक्’ झालं आणि पुंगळी सॉकेटमध्ये उतरली. तिच्या अंगावर उभ्या ओरखड्यांच्या चमकदार रेघा होत्या, आणि तेवढंच पितळ डायच्या भिंतीला लेप दिल्यासारखं चिकटलं होतं. ते घासून काढण्यात पुढचा रविवार गेला. वंगणाची बाटली तेव्हापासून प्रेसच्या उजव्या हाताला असते, आणि प्रत्येक पाचवी-सहावी पुंगळी हात लावून बघतो, पुसट तेलकट लागते का.

लगेच आणखी एक गोष्ट ध्यानात आली. माझ्या प्रेसचा सांगाडा ॲल्युमिनियमचा होता. एवढी मोठी पुंगळी दाबताना वरचा भाग किंचित वाकतो, हे मी डायल गेज लावून बघितलं. पिस्तुलाच्या पुंगळीला याने काही बिघडत नाही. मोठ्या पुंगळीत मात्र प्रत्येक वेळी वेगळा जोर लागतो, वंगण कमी-जास्त होतं, आणि सांगाडा जितका वाकतो तितकी पुंगळी कमी-जास्त दाबली जाते. त्या बिडाच्या प्रेसची चौकट बंद होती, चहूबाजूंनी, सहज न वाकणारी. ती दुकानात कुणासाठी मांडली होती, हे मला तेव्हा उमगलं.

दुसरी गोष्ट याहून वाईट. एका मोसमात मी लांब काड्यांची दारू वापरत होतो. ही दारू पेन्सिलीच्या शिशाचे बारीक तुकडे केल्यासारखी दिसते. मोठ्या पुंगळ्यांना तिची हळू जळण्याची रीत मानवते. पण या काड्या प्रेसवरच्या दारू पाडणाऱ्या अरुंद नळीत आडव्या पडून कमान धरतात. एक दिवस दांडा ओढताना तबकडीवर दारू सांडलेली दिसली. पुंगळी काठोकाठ भरून वाहत होती. माझ्या पोटात गोळा आला, कारण हिच्यात जास्त पडली म्हणजे आधीच्या कुठल्या तरी पुंगळीत कमी पडली होती, आणि आधीच्या पुंगळ्या तोवर काडतुसं होऊन खोक्यात पडल्या होत्या. दारू कमी पडली की गोळी रायफलच्या नळीतच अडकून राहू शकते. ते न कळता पुढची गोळी झाडली तर नळी फुटते.

खोक्यात बासष्ट काडतुसं होती. वाटलं, वजन करून हलकी शोधावीत. निम्मी दारू कमी असती तर सापडलीही असती. पण पितळाच्या पुंगळ्या आपापसांतच काही ग्रेननी कमी-जास्त असतात, आणि पाच-सात ग्रेनची तूट त्यात सहज लपते. बासष्टच्या बासष्ट फोडली. गोळी काढायची हातोडी मिळते, काडतूस उलटं अडकवून जमिनीवर आपटायची. रात्री एकपर्यंत गॅरेजच्या फरशीवर ती आपटत बसलो. बेचाळिसाव्या काडतुसातून मापाच्या जेमतेम निम्मी दारू निघाली. तो ढीग मी कागदावर वेगळा ठेवला आणि बराच वेळ बघत राहिलो. त्या शनिवारी माझा मुलगा माझ्यासोबत रेंजवर येणार होता.

त्यानंतर मी प्रत्येक पुंगळी हाताने भरतो. पन्नास पुंगळ्या लाकडी ठोकळ्यात उभ्या करतो, प्रत्येकीत वेगळी तोललेली दारू ओततो, आणि गोळी बसवण्याआधी बॅटरीच्या उजेडात पन्नासही तोंडांत डोकावून पातळी बघतो. वेळ लागतो. लागू दे.

तोलण्याचीही एक चूक सांगायला हवी. मी खिशात मावणारा एक डिजिटल काटा घेतला होता. सुरुवातीला शून्य दाखवायचा, आणि गॅरेजचं हीटर सुरू झालं की आकडे हलकेच सरकायला लागायचे. मला वाटायचं, दशांश ग्रेन इकडेतिकडे, मोठ्या पुंगळीत एवढ्याने काय होतं? मोठ्या पुंगळीत दशांशाचा वाटा खरोखरच छोटा असतो. पण सरकणं दशांशावर थांबत नव्हतं. एकदा तासाभराने माहीत असलेलं वजन ठेवलं, तर काटा दीड ग्रेन चुकीचा. हुपरीला मामाचा काटा काचेच्या पेटीत असायचा. मामा तोलायला बसला की आम्हां पोरांना दार लावून बाहेर उभं राहायला सांगायचा, आणि भर मे महिन्यात पंखा बंद करायचा. घामाने शर्ट भिजायचा तरी पंखा बंदच. हे सगळं मी डोळ्यांनी बघितलेलं, आणि हीटरच्या झोतात काटा ठेवला. आता साधा तराजूचा काटा वापरतो, चुंबकाने दांडी स्थिर होणारा. दर दहा पुंगळ्यांनी ठरावीक वजन ठेवून तपासतो. हीटर बंद.

मग अलास्काला मूसच्या शिकारीला जायचं ठरलं, आणि मी ३७५ हॉलंड अँड हॉलंड मॅग्नम घेतली. हे इंग्रजांचं १९१२ चं काडतूस. लांब, निमुळतं अंग, नावापुरता खांदा, आणि बुडाशी पितळाचा एक पट्टा. खांदा इतका उतरता की त्यावर भरवसा ठेवून काडतूस चेंबरमध्ये टेकवता येत नाही, म्हणून तो पट्टा टेकतो. निमुळतेपणामुळे झाडल्यावर पुंगळी सहज सुटते, आणि ज्या काळी कॉर्डाइट भरून उष्ण प्रदेशात हे वापरायचे, त्या काळी सहज सुटणं म्हणजे जिवाचा प्रश्न होता.

माझ्या चारशेवाल्या प्रेसमध्ये हे काडतूस मावेना. कागदावर मावायला हवं होतं: पूर्ण काडतूस ३.६ इंच, आणि प्रेसची पोकळी त्याहून थोडी जास्त. मी काडतूस तयार झाल्यावरचं माप धरलं होतं. पण गोळी बसवण्यापूर्वी ती पुंगळीच्या काठावर उभी असते, आणि पुंगळीच २.८५ इंच. वर तीनशे ग्रेनची गोळी उभी केली की चार इंचांच्या वर जातं. शिवाय ती गोळी धरलेली दोन बोटं मध्ये मावली पाहिजेत. माझी मावली नाहीत; अंगठ्याचं नख काळं पडलं. तेव्हा कुठे मी बिडाची मोठी प्रेस घेतली, जिचा दट्ट्या इंचभर जाड आहे आणि जिच्यातून माझा अख्खा पंजा आरपार जातो.

पण यंत्र बरोबर घेऊनही माझी सगळ्यात मोठी चूक या काडतुसातच झाली. डायसोबत आलेल्या कागदावर लिहिलं होतं, डाय शेलहोल्डरला (पुंगळीचं बूड धरणाऱ्या खाचेला) टेकेपर्यंत खाली घ्या आणि वर पाव आटा आणखी फिरवा. मी तसं केलं. त्याने पुंगळीचा खांदा दर वेळी मागे ढकलला जात होता. पट्टा मागे टेकलेला, खांद्यापुढे चेंबरमध्ये रिकामी जागा. झाडलं की पुंगळी ताणून पुढे जाते, आणि ताण पट्ट्याच्या लगेच वरच्या भिंतीवर येतो. मग मी पुन्हा मागे ढकलायचो. तारेला पुन्हा पुन्हा एकाच जागी वाकवावं तसं.

चौथ्या वेळी भरलेल्या काडतुसांपैकी एक. झाडल्यावर आवाज नेहमीचाच वाटला, पण गालाला गरम वाऱ्याची फुंकर लागली. रायफलचा बोल्ट मागे ओढला, तर पुंगळीचं फक्त बूड बाहेर आलं, पट्टा आणि त्यावर बोटाच्या नखाएवढी कडा. बाकीची पुंगळी चेंबरमध्येच. चष्मा होता म्हणून काही झालं नाही. मी रायफल खाली ठेवली आणि बाकावर बसून राहिलो. हात थांबायला वेळ लागला.

घरी येऊन त्याच खेपेच्या बाकीच्या पुंगळ्या करवतीने उभ्या चिरल्या. आतून पट्ट्याच्या वर एक गोल खाच दिसत होती, नखाला लागेल एवढी खोल. तीन पुंगळ्यांत ती आरपार जायला आली होती. बाहेरून त्याच जागी फिकट, चकचकीत कडं दिसत होतं. मी ती कडी आधीही बघितली होती आणि डायची घासण समजलो होतो. कागदाची क्लिप सरळ करून तिच्या टोकाला आकडा वळवला आणि पुंगळीच्या आत खरवडत वर आणला, तर तो खाचेत अडकतो. एवढी साधी तपासणी मी कधी केली नव्हती. खांदा कुठे आहे ते मोजायचं गेज मिळतं, तेही माझ्याकडे नव्हतं. वेगासाठी मोजलेल्या पैशांत तसली अनेक गेजं आली असती. आता डाय तेवढीच खाली घेतो, की खांदा माझ्या चेंबरच्या मापापासून इंचाचे एक-दोन सहस्रांश मागे जाईल. पट्टा असो वा नसो, माझ्या रायफलीत आता काडतूस खांद्यावरच टेकतं.

छोट्या चुका थोडक्यात सांगतो. पुंगळ्यांची लांबी सारखी न करता तोंडं आवळली. जास्त लांब होत्या त्या तोंडाखाली फुगल्या आणि चेंबरमध्ये शिरेनात, आणि आखूड होत्या त्यांच्या गोळ्या धक्क्याने मॅगझिनमध्ये आत सरकल्या. शिशाच्या मऊ गोळ्यांसाठी तोंड पुरेसं फाकवलं नाही, तर बसताना काठाने शिशाची साल काढली. आणि ४५-७० च्या पुस्तकांत तीन वेगळ्या याद्या का असतात, हे समजून न घेता मी कोष्टक उघडलं होतं: १८७३ च्या जुन्या रायफलींसाठी एक, माझ्यासारख्या लिव्हर रायफलींसाठी दुसरी, आणि अगदी भक्कम आधुनिक रायफलींसाठी तिसरी. पान उलटताना बोट तिसऱ्यावर गेलं होतं. क्लबातल्या त्या गृहस्थांनी पुस्तक माझ्या हातातून घेतलं, पान मागे उलटलं आणि परत दिलं.

चारशेवाली प्रेस गेल्या हिवाळ्यात विकायला काढली. घ्यायला एक पंचविशीचा मुलगा आला. तो नऊ मिलिमीटर भरणार होता, त्याच्या उपयोगाची होती. दांडा दोन-तीनदा ओढून बघितला, खूश झाला. पैसे मोजता मोजता म्हणाला, पुढे मोठी रायफल घेणार आहे, यावरच भरता येईल ना?

मी फळीवरून ३७५ ची एक रिकामी पुंगळी घेतली, तिच्या तोंडावर गोळी उभी केली, ती प्रेसच्या शेजारी ठेवली, आणि त्याच्या हातात फूटपट्टी दिली.